बाबा झोपलेत

दिवाळी झाली, आकाशकंदील अजून कुणी उतरवलेले नाहीत, आणि मनोरकडून येणाऱ्या रस्त्यावर गवताच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. पावसाळाभर वाढलेलं डोंगरउतारावरचं गवत आता पिवळं पडलंय. पाड्यांवरची माणसं सकाळीच विळे घेऊन कामाला लागतात, संध्याकाळपर्यंत भारे रस्त्याच्या कडेला येऊन पडतात आणि मग ट्रक भरतात. भरतात म्हणजे असे, की मागून येणाऱ्याला ट्रक दिसतच नाही, नुसतं गवत चाललेलं दिसतं. वाटेतल्या झाडांच्या खालच्या फांद्यांना काड्या लोंबत राहतात. आज दुपारी त्यातलाच एक ट्रक आमच्या गल्लीत शिरला. मागच्या तबेल्याकडे जायचा त्याचा विचार असावा, पण वळणावर कुणीतरी आडव्या लावलेल्या दोन मोटारसायकलींनी त्याला अडवलं. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. गवताचा तो कोरडा, गोडसर, नाकात जरासा टोचणारा वास वर आला आणि मी हातात टॉवेल घेऊन तशीच उभी राहिले. मला फ्रान्स आठवलं.

हसू नका. बोईसरच्या बाईला गवताच्या ट्रकवरून फ्रान्स आठवतं, हे मी एकदा भिशीत बोलून गेले आणि पुढे महिनाभर सगळ्या जणी मला 'मॅडम' म्हणत होत्या. पण त्याला माझा इलाज नाही. ज्याला त्याला त्या देशाचा तो लोखंडी उंच टॉवर आठवतो. तो आम्ही पाहिलाच नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते एक अर्धवट कापलेलं शेत, कडेचं अक्रोडाचं झाड आणि त्या झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपलेला माझा नवरा.

नवऱ्याचं नाव प्रकाश. लिहिताना मी प्रकाश म्हणते, घरात 'अहो' म्हणते, आणि फार चिडले की काहीच म्हणत नाही, नुसती भांडी जोरात ठेवते. आता ठेवते. मुलं लहान होती तेव्हा तेही करता यायचं नाही. तेव्हा आमच्या घरात भांडं वाजवायची सोय नव्हती.

प्रकाश एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. फर्स्ट, सेकंड, नाइट, अशा फिरत्या पाळ्या. नाइटच्या आठवड्यात तो सकाळी घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास खातो आणि पडद्यामागे झोपतो. आमची सगळी इमारत तशीच आहे. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा भाडेकरू, कुणी ना कुणी कायम झोपलेलं असतं. त्यामुळे आमच्या इमारतीला दिवसा एक वेगळीच शिस्त. दूधवाला बेल वाजवत नाही, पिशवी कडीला लटकवून जातो. भाजीवाली खालून हाक मारत नाही, वर बघून मेथीची जुडी हलवते. आमच्या आवारात पोरं क्रिकेट खेळायची ती मुक्याने. आउट झाल्याचं अपील हात वर करून आणि तोंड भलंमोठं उघडून, पण आवाज नाही. नवीन माणसाने वरून पाहिलं तर त्याला वाटावं, आपल्याच कानाला काहीतरी झालंय.

घरात तर विचारूच नका. मी कुकरची शिटी काढून डब्यात टाकली होती, वरण पातेल्यात शिजवायचे. टीव्हीवरची कार्टून पोरं बिनआवाजाची बघायची. चटणी वाटायची असली की मिक्सरचं भांडं घेऊन मी खालच्या मजल्यावर जायचे. तिथल्या भाभींचा नवरा जनरल शिफ्टला, म्हणजे आमच्या हिशेबाने राजा माणूस. त्या दार उघडूनच म्हणायच्या, "आ जाओ भाभी, चला लो. मेरे यहाँ तो दिन में बस मच्छर सोते हैं."

गंमत अशी, की आम्ही दोघंही मोठ्याने बोलणाऱ्या घरांतली. माझं माहेर मनोरचं. वडिलांची गवताची वखार. तिथे ट्रकवर चढलेल्या माणसाशी खालून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलायचं. सासर दातिवऱ्याचं, समुद्रकाठचं. तिथे वाऱ्यातून बोलायचं. माझ्या सासूबाई किनाऱ्यावरून हाक मारतात ती घरातल्या माणसाला ऐकू जाते आणि शेजारच्या दोन घरांनाही. त्या पहिल्यांदा बोईसरला राहायला आल्या तेव्हा मी त्यांना दबक्या आवाजात म्हटलं, "आई, जरा हळू, हे झोपलेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. मग म्हणाल्या, "मंग मी काय माशासारखं नुस्तं तोंड उघडू आनि मिटू?"

अशा घरात आमची दोन मुलं वाढली. मोठी मुक्ता. तिला कुणी गप्प करू शकलं नाही. ती कुजबुजत का होईना, पण अखंड बोलायची. धाकटा सोहम. आणि हा सोहम बोलत नव्हता.

अगदीच नाही असं नाही. चार-सहा शब्द होते. पाणी, नको, ताई, असले. तेही तो कानाशी येऊन कुजबुजायचा, गुपित सांगितल्यासारखे. त्याच्या वयाची इमारतीतली पोरं गोष्टी सांगू लागली, भांडू लागली, खोटं बोलू लागली. आमचं पोर बोट दाखवायचं आणि मुक्ता त्याच्या वतीने बोलायची. "त्याला बिस्किट पाहिजे. ते नाही, क्रीमचं." पालघरच्या डॉक्टरांनी कान तपासले. कान उत्तम. समजतंही सगळं. "घरात त्याच्याशी भरपूर बोला," ते म्हणाले. "चार वर्षांचा होईपर्यंत वाट बघू. नाहीच बोलला तर मुंबईला तज्ज्ञांना दाखवू." त्याचा चौथा वाढदिवस नवरात्रात येत होता. मी कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं होतं. सासूबाई मात्र बिनघोर होत्या. "परकाश पन उशिराच बोलला. बोलंल. पोराला घाई नाय, तर तुमाला कसली हाय?"

मला होती. आई झालं की असते. 'घरात भरपूर बोला' हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले, दार उघडलं, आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो "श्श."

त्याच वर्षी कारखान्यात फ्रान्सहून नवीन मशीन यायचं ठरलं आणि ते शिकून घ्यायला प्रकाशला तिकडे पाठवलं. काही महिने तो एकटा होता. शिकणं संपताना त्याने रजा जोडून घेतली आणि फोनवर म्हणाला, "पोरांना घेऊन ये. गाडी भाड्याने घेऊ, गावागावांतून फिरू." मी म्हटलं, एवढ्या लांब, दोन लहान पोरं, त्यात हा असा. तर म्हणाला, "म्हणूनच ये. इथं मी रोज दिवसा जागा असतो."

त्या वाक्यावर मी तिकडे गेले. इकडे आषाढाची झड लागलेली, गॅलरीत कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल. आणि तिकडे उतरलो तर लख्ख ऊन, आणि गवत कापायचा हंगाम. आमचं गवत दिवाळीत कापतात, त्यांचं ऐन आषाढात. विमानतळावरून निघून गावाकडच्या रस्त्याला लागलो, प्रकाशने काच खाली केली आणि तोच वास आत आला. मनोरच्या वखारीचा. जरा जास्त गोड, मध्ये कुठलीतरी रानफुलं कापली गेली असणार. परक्या मुलखात पाऊल ठेवून तास-दोन तास झाले नव्हते आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. शेतात गवताच्या गोल गुंडाळ्या पडल्या होत्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच. मी फोटो काढून वडिलांना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. कसे आहात नाही, पोचलात का नाही. म्हणाले, "येवढी मोठी गासडी उचलनार कोन?"

गाडी लहानशी, निळी. स्टिअरिंग डावीकडे, चालायचं उजवीकडून, आणि आपल्याकडे इंडिकेटर जिथे असतो तिथे त्यांचा वायपर. त्यामुळे प्रत्येक वळणाला, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, आमचे वायपर खराखरा काच पुसायचे. मुक्ता मागून दर वेळी ओरडायची, "बाबा, पाऊस!" पहिले दोन दिवस प्रकाशचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. मी शेजारी बसून "उजवीकडे राहा, उजवीकडे" असा जप करत होते. तिकडे चौकाला सिग्नल नसतो, मध्ये एक गोल असतो आणि त्याच्याभोवती फिरत आपला रस्ता पकडायचा. प्रकाशला आपला रस्ता कुठला ते कळेपर्यंत तो मागे गेलेला असायचा. मग पुन्हा फेरी. एकदा अशी तिसरी फेरी चालू होती आणि मागून हसू आलं. मोठ्याने, पोटातून आलेलं हसू. मी वळून पाहिलं. सोहम. एरवी तोंडावर हात ठेवून हसणारं पोर, हात खाली टाकून खदखदत होतं. प्रकाशने आरशातून त्याला पाहिलं आणि आपला रस्ता समोर दिसत असूनही मुद्दाम आणखी एक फेरी मारली. मागून मोठी गाडी आली, तिच्या ड्रायव्हरने आमच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. बघू दे.

त्या प्रवासात सोहम बापाकडे फार बघायचा. डोळे उघडे असलेला बाप पोराने एवढा वेळ कधी पाहिलाच नव्हता. घरी त्याचा बाप म्हणजे पडद्यामागचा एक लांब आकार, ज्याच्या बाजूने चवड्यांवर जायचं. आता तोच माणूस सकाळी पाव आणायला त्याला खांद्यावर घेऊन जात होता, ओढ्यात पाय सोडून बसत होता, तपकिरी गाईंना मराठीत हाका मारत होता. गाई माना वळवून बघायच्या. प्रकाश म्हणायचा, "बघ, कळतंय त्यांना." सोहम मान डोलवायचा. बोलायचा नाही.

तिथली खेडी मला फार आवडली आणि जरा भीतीही वाटली. दगडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, आणि माणूस म्हणून दिसेना. दुपारी बारा वाजले की दुकानं बंद, खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद, रस्त्यावर एखादं मांजर. अशाच एका गावात भर दुपारी आम्ही पाणी मिळतंय का बघत चाललो होतो. चौघांच्या चपलांचा आवाज तेवढा. मुक्ताने माझा पदर, म्हणजे कुर्त्याचं टोक, ओढलं आणि कानाशी येऊन कुजबुजली, "आई, इथे सगळ्यांचे बाबा नाइटला असतात का?"

आम्ही दोघं हसलो. पण माझ्या लक्षात आलं, आम्ही चौघंही त्या गल्लीतून चवड्यांवर चाललो होतो. कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही उतरायचो ती शेतकऱ्यांची घरं असत, एखादा भाग पाहुण्यांना दिलेला. असल्याच एका घराच्या पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. जेवणं झाली होती आणि अजून चांगलं ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. मी पातेल्यात केलेला वरणभात पोरं दोनदा मागून जेवली होती. आत मुक्ता एकटीच दोघांचा खेळ खेळत होती, स्वतःचं बोलत होती आणि सोहमचंही तीच बोलत होती. प्रकाश ते ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "माझ्या झोपेनं पोराचा आवाज खाल्ला."

"काहीतरी बोलू नका," मी म्हटलं.

"खरं तेच बोलतोय. माझ्या आईचा आवाज बघ. तुझ्या बाबांचा बघ. हा कुणावर गेला? हा माझ्या शिफ्टवर गेला."

हेच मीही मनात किती वेळा म्हटलं होतं. फक्त त्याच्यासमोर कधी नाही. नाइट तो हौसेने करत नव्हता, आणि झोपला नाही तर मशीनपुढे उभा कसा राहणार? चूक कुणाची म्हणायची? दूधवाल्याची, भाजीवालीची, मुक्याने क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची? आम्ही सगळ्यांनी मिळून, एका दमलेल्या माणसावरच्या मायेपोटी, घर गप्प केलं होतं. त्यात जन्मलेल्या पोराला वाटलं असणार, जग असंच असतं. मी प्रकाशच्या हातावर हात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असं उघड्या पायरीवर हात धरून बसायला मला लाज वाटली, पण बघायला होतं कोण? एक म्हातारी कोंबडी.

त्या दिवसापासून त्याने एक मनावर घेतलं. दिवसा झोपायचं नाही. डोळे मिटायचेच नाहीत. वर्षानुवर्षांच्या पाळ्यांनी त्याचं शरीर असं झालेलं, की जेवण झालं आणि ऊन तापलं की मान खाली जाते. पण हा माणूस तोंडावर गार पाणी मारायचा, मिरी चघळायचा, गाडी चालवताना मोठ्याने गाणी म्हणायचा. त्याला गाणी येत नाहीत. नुसता ओरडून म्हणायचा, पोरं टाळ्या वाजवायची. रोज दुपारी मी म्हणायचे, "अहो, जरा पडा." तो म्हणायचा, "घरी गेल्यावर झोपायचंच आहे." त्याचे डोळे लाल दिसायचे. एवढ्या लांब सुट्टीला येऊन तो एक जास्तीची शिफ्ट करत होता, जागं राहायची.

सुट्टी संपायला आली तेव्हाची ती दुपार. ज्या गावात पाव घ्यायचा तिथे पोचेपर्यंत बारा वाजून गेले आणि दुकान आमच्या डोळ्यांदेखत बंद झालं. सकाळचा अर्धा पाव होता, टोमॅटो होते, तिकडचं एक चीज होतं ज्याचा वास आमच्या सुक्या बोंबलांना मान खाली घालायला लावील, आणि माझ्याकडे तिखटमिठाची डबी. आम्ही एका कापणी चाललेल्या शेताच्या कडेला गाडी लावली. अर्धं गवत उभं होतं, अर्धं कापून ओळींत वाळत घातलेलं. कडेला अक्रोडाचं झाड, खाली दाट सावली. मी ओढणी अंथरली. टोमॅटोवर तिखटमीठ घातलं. खाल्लं. वारा येत होता. गवताचा वास एवढा होता की मला वखारीतली माझी जागा आठवली, गासड्यांच्या दोन थरांमधली, जिथे मी शाळेतून आल्यावर जाऊन बसायचे. मी पोरांना त्या जागेबद्दल सांगत होते. सांगता सांगता प्रकाशकडे पाहिलं तर हा झोपला होता. हातात टोमॅटोची फोड तशीच. तोंड उघडं.

आणि मी काय केलं? ओठांवर बोट ठेवलं. "श्श. बाबा झोपलेत."

मैलभर आजूबाजूला माणूस नव्हता. तरी आम्ही तिघं त्या मोकळ्या रानात पाय जवळ घेऊन गप्प बसलो. मुक्ता काडीने पावाचे कण मुंग्यांकडे सरकवत होती. सोहम बापाच्या उशाशी बसला होता. त्याने बापाच्या हातातली टोमॅटोची फोड हळूच काढून घेतली आणि खाऊन टाकली.

तेवढ्यात शेताच्या पलीकडच्या टोकाला धडधड सुरू झाली. ट्रॅक्टर. मागे गवत गोळा करून गुंडाळ्या बांधणारं मोठं यंत्र. आवाज म्हणजे आमच्या एमआयडीसीतला कॉम्प्रेसर. तो वाळलेल्या ओळी गिळत गिळत आमच्याच दिशेने येऊ लागला. मी प्रकाशकडे बघत होते, आता उठेल, आता उठेल. त्यामुळे सोहम कधी उठला ते मला दिसलं नाही. बघते तर तो सावलीतून उन्हात गेलेला, कापलेल्या शेताच्या कडेला उभा. ट्रॅक्टर अजून बराच लांब होता. मी धावले. माझा हात त्याच्या दंडाला लागायच्या आत त्याने दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला:

"एऽऽ! आवाज नको करू! माजे बाबा झोपलेत! नाइट हाय त्यांची!"

मी धावता धावता थांबले. आवाज कुठून आला ते मला क्षणभर कळेना. तो कुजबुजणाऱ्या पोराचा आवाज नव्हताच. तो दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून घरापर्यंत पोचणारा आवाज होता, आणि तो 'हाय'सुद्धा थेट आजीचा. इतके दिवस सगळं आत साठवून ठेवलं होतं पोराने. एक वाक्यही कुठे अडलं नाही.

ट्रॅक्टरवाल्याला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. पण त्याने हात वर केलेलं एवढंसं पोर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की रानातले किडे ऐकू येऊ लागले. टोपी घातलेला, उघड्या दंडांचा वयस्क माणूस होता. त्याने काहीतरी विचारलं, आम्हाला अक्षर कळलं नाही. सोहमला काही फरक पडला नाही. त्याने झाडाखाली बोट दाखवलं आणि पुन्हा बजावलं, "झोपलेत ना!" मग ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसाने झाडाखाली पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मान हलवली. ट्रॅक्टर वळवून तो अगदी सावकाश शेताच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला आणि आमच्याकडचा भाग त्याने तसाच ठेवला.

मी तिथेच गवतात बसले आणि रडले. मुक्ता येऊन म्हणाली, "आई, तो बोलला." जणू मला कळलंच नव्हतं. आणि सोहम? तो परत बापाच्या उशाशी जाऊन बसला आणि बोलत सुटला. ट्रॅक्टर निळा होता. चाक मोठं होतं. काका ऐकतो. गवत गोल होतं. गाय खाईल. आजीला सांगू. वाक्यं लहान, पण एकामागून एक, न थांबता, आणि सगळी चांगल्या मोठ्या आवाजात. बापाला आवाजाने जाग येऊ नये म्हणून लोकांना गप्प करणारं पोर बापाच्या कानाशीच ओरडत होतं. मी जाऊन त्याला थांबवणार होते. सवय. पण प्रकाशकडे पाहिलं आणि थांबले.

प्रकाश जागा होता. डोळे घट्ट मिटलेले, हात सैल सोडलेले, छाती झोपलेल्या माणसासारखी वरखाली. पण डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघून कानांकडे चाललं होतं. पुढे गाडीत त्याने मला सांगितलं, ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हाच त्याला जाग आली होती. उठला असता तर पोर गप्प झालं असतं, असं त्याला वाटलं. म्हणून तो पडून राहिला. पाठीखाली एक दगड टोचत होता, तरी कूससुद्धा बदलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. सावली सरकून ऊन त्याच्या पायांवर आलं तरी तो झोपलेलाच होता.

परत आल्यावर पालघरच्या डॉक्टरांनी मात्र आमच्या कथेला फार भाव दिला नाही. "काही मुलं उशिरा बोलतात. वेळ झाली, बोलला," ते म्हणाले. खरं असेल. सासूबाईही तेच म्हणत होत्या, आणि तपासायची फी न घेता. फोनवर नातवाचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "मी सांगत होते ना, बोलंल म्हनून? आता तुमी झोपा." मुक्ता तेवढी काही दिवस घुश्शात होती. इतकी वर्षं दोघांचं बोलायची मक्तेदारी होती, ती गेली. मला अजून वाटतं, डॉक्टर बरोबर आणि आम्हीही बरोबर. वेळ झाली होतीच. पण ती वेळ बाप दिवसा जवळ असताना झाली, ह्याला मी नुसता योगायोग म्हणणार नाही.

घरी आले त्या आठवड्यात मी डब्यातून कुकरची शिटी काढली, धुतली आणि लावली. पहिली शिटी झाली तेव्हा शेजारच्या वहिनी घाबरून दारात आल्या. नाइट अजून आहे. प्रकाश अजून सकाळी येतो आणि पडद्यामागे झोपतो. पण त्यानेच सांगून ठेवलंय, माझ्यासाठी पोरांना गप्प करू नका. आता सोहम आठवीतल्या बहिणीशी वाद घालतो, क्रिकेटची कॉमेंट्री करतो, शाळेतून दर वेळी एकच तक्रार येते, की हा वर्गात फार बोलतो. बाई अगदी काकुळतीला येऊन सांगतात. मी गंभीर चेहरा करून ऐकते आणि बाहेर आल्यावर हसते.

आज तो गवताचा ट्रक वळणावर अडकला आणि ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. प्रकाश नाइट करून आलेला, आत झोपलेला. माझं बोट आपोआप ओठांकडे गेलं, त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला ते काय दिसणार होतं म्हणा. तेवढ्यात सोहम माझ्या शेजारी येऊन कठड्यावर वाकला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ काका! हॉर्न नका मारू! बाबा झोपलेत!"

हॉर्न थांबला. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या, दोन पेंगुळलेले चेहरे बाहेर आले. हॉर्नने न उठलेली माणसं सोहमच्या आवाजाने उठली होती. तो आपला खाली बघून ड्रायव्हरला आता गाडी कशी काढायची ते सांगत होता, डावीकडे घ्या, अजून घ्या, येऊ द्या.

मी टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले. पडदा बाजूला केला. प्रकाश भिंतीकडे तोंड करून पडला होता, हात सैल, श्वास संथ.

"अहो," मी हळूच विचारलं, "जागे आहात का?"

"नाय," डोळे न उघडता तो म्हणाला. "झोपलोय. बोलू दे त्याला."